शेणॉयसाहेबांचा नारळ

“उद्या चार वाजता सगळ्यांनी इथंच थांबायचं,” शेणॉयसाहेब केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले. “ऑफिसच्या सगळ्या लोकांना मी नारळ देणार आहे.”

एवढं बोलून ते हसले आणि दार लोटून आत गेले. ते हसले हेच मला जास्त लागलं. माणसानं वाईट बातमी द्यावी, पण निदान तोंड तरी तसं करावं.

ऑफिसात आम्ही तिघंच. हेडक्लार्क वाघमोडे अण्णा, टायपिंग आणि बिलं बघणारी रुखसाना बागवान, आणि मी. माझ्याकडे फोन, गेटपास, कामगारांच्या रजा आणि ज्या कामाला कुणी वाली नाही ते प्रत्येक काम. कुपवाडच्या एमआयडीसीतला आमचा पंपांचा कारखाना. मागं शेड, पुढं आमची खोली, खोलीच्या टोकाला साहेबांची केबिन. मालक पुण्याला असत. खंडेनवमीला यायचे, मशीनला हार घालायचे, आणि आम्हाला नमस्कार करताना दरवर्षी नव्यानं ओळख करून घ्यायचे.

साहेबांचं दार लागलं. रुखसानाचे हात की-बोर्डवर तसेच थांबले होते. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, जणू चष्म्यानंच चुकीचं ऐकलं होतं.

“ऐकलंसा न्हवं?” शेवटी अण्णा म्हणाले. “नारळ देणार म्हणाले.”

“सगळ्यांना म्हणाले,” रुखसाना म्हणाली.

“सगळ्यांना म्हणजे आपल्या तिघांनाच की. आणि कोण हाय हितं?”

घरात कमावणारी मी एकटी. आमचे हे वायरमन होते. खांबावरून पडले आणि कंबरेतून गेले, ते पलंगावरच. धाकटी मिरजेला नर्सिंगला होती. या वयात मला दुसरी नोकरी कुणी दिली नसती, आणि दिली असती तर ती भांडी घासायची. ही नोकरी गेली की आमचं घर बसणार होतं, एवढं मला सरळ दिसत होतं.

आणि संशय यायला कारणंही कमी नव्हती. पंधरवड्यामागं पुण्याहून दोघंजण आले होते. इस्त्रीचे शर्ट, पायांत चकाकणारे बूट. खोलीत फिरले, टेबलं बघितली, माझ्या फोनकडं बघून एकमेकांच्या कानात काहीतरी बोलले. मी चहा आणला तर दोघांनीही घेतला नाही. चहाला नाही म्हणणाऱ्या माणसाचा मी आजवर भरवसा धरला नाही, तेव्हाही धरला नाही. त्यांच्यातला एक जाताना दारात म्हणाला, “हे सगळं पुण्यातून होऊ शकतं.” कशाबद्दल म्हणाला ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ते गेल्यानंतर शेणॉयसाहेबांचं वागणंच बदललं. एरवी केबिनमधून बाहेर न येणारा माणूस दिवसातून दोनदा आमच्या टेबलांशी येऊन बसायला लागला. मूळचे ते उडुपीकडचे, घरी कोकणी बोलायचे. मराठी चांगलं बोलायचे, पण पुस्तकात वाचून शिकल्यासारखं. एक दिवस खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

“कुंदाबाई, मला सांगा, तुम्ही नसाल तर काय अडेल?”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. “म्हणजे काय साहेब?”

“म्हणजे समजा, तुम्ही उद्या आला नाहीत. काय बंद पडेल?”

असं कुणी उगीच विचारतं का? मी तोंडाला येईल ते सांगत सुटले. ट्रान्सपोर्टवाल्या पाटलाची गाडी वेळेवर हवी असेल तर आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करावी लागते, मग तो गाडी पाठवतो. शेडमधल्या कुणाच्या हाताला लागलं तर दवाखान्यात कुठल्या सिस्टरला फोन केला की रांग लागत नाही. पगार उशिरा होणार असेल तर ते कामगारांना कुणाच्या तोंडून कळवायचं, म्हणजे बोंब होत नाही. साहेब मान हलवत ऐकत होते. मधेच म्हणाले, “आणि हे पुण्यातून होणार नाही?”

“होईल की,” मी घाबरून म्हणाले. मग जीभ चावली. “न्हाई साहेब. कसं होईल?”

ते हसले आणि उठून अण्णांकडं गेले. त्यांनाही तेच विचारलं. मग रुखसानाला. ती नवीन लग्नाची पोर, तिला तर वाटलं आपल्या बाळंतपणाच्या रजेवर साहेबांचा डोळा आहे. अजून दिवससुद्धा गेले नव्हते तिला.

या सगळ्यावर आता हा नारळ.

जेवायच्या सुट्टीत आम्ही तिघं डबे उघडून बसलो. रुखसाना आशेला चिकटून होती.

“ताई, सत्कार-बित्कार करत असतील. शाल, श्रीफळ…”

“श्रीफळ म्हणाले का ते?” अण्णांनी तिला मधेच तोडलं. “श्रीफळ म्हणाले असते तर मी आत्ता उठून पेढे आणले असते. श्रीफळ सत्काराला देतात. नारळ घरी घालवताना देतात. फळ एकच असू दे, शब्दात फरक हाय का न्हाई?”

“साहेबांना कळत नसेल तो फरक.”

“अगं, इतकी वर्षं सांगलीत काढली त्यांनी. माझ्यासमोर वॉचमनला म्हणाले हुते, हार घालायचा आणि हार खायची यात घोळ करू नकोस म्हणून. एवढं कळतंय त्यांना, आणि नारळ कळत न्हाई?”

हे खरं होतं. मग माझाही धीर सुटला.

दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला. “बाई, साहेबांच्या गाडीतनं पोतं आलंय. नारळ हायत. पासवर काय लिहू?”

“नारळच लिही,” मी म्हणाले. मला काढायचा नारळ माझ्याच पासवर आत येत होता. तेवढीही चूक मी होऊ दिली नाही, कारण तोवर मी त्या कामाचा पगार घेत होते.

अण्णांनी पोतं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण अण्णा लढवय्ये. तरुणपणी युनियनमध्ये होते, कायद्याची त्यांना स्वतःची अशी समजूत होती. आम्हाला दोघींना त्यांनी खिडकीशी बोलावलं.

“मी काय सांगतो नीट ऐका. हातात घेतला तरच दिला असं हुतं. आपण घ्यायचाच न्हाई. हात पुढं करायचा न्हाई म्हणजे न्हाई. घेतला न्हाई तर लागू कसा हुईल?”

“टेबलावर ठेवला तर?” रुखसाना म्हणाली.

“टेबलावर ठिवला तर टेबलाला दिला. आपल्याला न्हाई.”

आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मला ते अगदी पटलं होतं. बुडणारा माणूस काय धरील त्याचा नेम नाही.

संध्याकाळी घरी यांना सांगितलं. हे छताकडं बघत पडून होते. म्हणाले, “सही कुठंच करू नगंस.” मग भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा उजवा हात गळ्यात अडकवून आले. पट्टी, झोळी, सगळं व्यवस्थित. मी विचारलं काय झालं, तर डोळा मारून म्हणाले, “घसरलो न्हाणीत.” रुखसानानं ओढणीत दोन्ही हात असे गुंडाळून घेतले होते की थंडी वाजत असावी असं वाटावं, आणि दिवस वैशाखाचे. मी ठरवलं होतं की चहाचा ट्रे धरून उभं राहायचं. ट्रे असला की हात मोकळे नाहीत हे कुणाला सांगावं लागत नाही.

चार वाजता साहेब बाहेर आले. पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले. रुखसानाच्या टेबलावर त्यांनी स्वतः एक ताट मांडलं होतं. त्यात विड्याची पानं, आणि सोललेले, शेंडी ठेवलेले नारळ, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. मी मनात म्हटलं, काढायचं ते काढायचं आणि वर कुंकू लावून. बोकडालाही असंच लावतात.

“मला भाषण येत नाही,” साहेब म्हणाले. “म्हणून नुसतं देतो.”

त्यांनी पहिला नारळ पानासकट दोन्ही हातांनी उचलला आणि अण्णांपुढं धरला. अण्णांनी झोळीतल्या हाताकडं बघितलं, मग चेहरा दुखल्यासारखा केला.

“अरेरे. डाव्या हातात देऊ?”

“डाव्या हातानं घेऊ नये म्हणतात साहेब.”

साहेब ओशाळले. “बरोबर आहे,” म्हणून रुखसानाकडं वळले. तिनं ओढणी आणखी घट्ट केली. साहेब नारळ पुढं धरून उभे, ही जागची हलत नाही. मग ते माझ्याकडं वळले. माझ्या हातात ट्रे. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“ट्रे खाली ठेवा ना कुंदाबाई,” ते मऊपणानं म्हणाले.

मी ठेवला नाही. नारळ धरलेले त्यांचे हात तसेच हवेत राहिले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, हे मला विचित्र वाटलं. त्यांच्या तोंडावर लग्नघरातून न जेवता परत निघालेल्या माणसासारखा भाव होता.

शेवटी रुखसानालाच सहन झालं नाही. “साहेब, आम्हाला का काढताय तेवढं सांगा. आमचं काय चुकलं?”

“काढतोय?”

“नारळ देताय ना?”

“हो. नारळ देतोय.” ते आमच्या तिघांच्या तोंडांकडं बघत राहिले. “म्हणजे काय?”

मग तिनंच सांगितलं. एखाद्याला नोकरीवरून काढलं की त्याला नारळ दिला म्हणतात. सत्काराच्या नारळाला श्रीफळ म्हणायचं असतं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी नारळ हळूच ताटात ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आमच्या गावात,” ते म्हणाले, “ज्याचे उपकार मानायचे त्याच्या हातात नारळ देतात. लग्नात, देवळात, मुलाला शिकवणाऱ्या मास्तरांना. मला माफ करा. मला कुणी हे सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणालाही काढलेलं नाही.”

आता आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा लगेच उठत नाही. अण्णा म्हणाले, “मग पुण्याची माणसं कशाला आली हुती साहेब? आणि तुम्ही आमच्या टेबलावर बसून काय विचारत हुता?”

अण्णांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं.

“एक माणूस कमी होणार आहे,” साहेब म्हणाले.

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कालपासून आम्ही एकाच पोत्याला घाबरत होतो, आता आम्ही एकमेकांना घाबरायला लागलो. रुखसाना माझ्यापासून अर्धं पाऊल सरकली. मी ते बघितलं.

“कुंदाबाई सगळ्यात शेवटी लागल्या,” अण्णा खाली बघत म्हणाले. “नियम तसाच असतोय. मी आपलं नियमाचं सांगतो.”

माझ्या अंगात आग पेटली. ज्यांच्या डब्यात मी रोज भाजी वाढत होते ते हे अण्णा. “अण्णा, तुमची रिटायरमेंट तोंडावर आलीय,” मी म्हणाले. “तुम्ही गेलात तर कुणाचं अडणार न्हाई. माझ्या घरी माणूस पडून हाय.”

“भांडू नका,” साहेब म्हणाले. “तुमच्यातलं कुणी नाही. मी.”

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

“पुण्याच्या लोकांना ऑफिस बंद करायचं होतं,” ते सांगायला लागले. एकेक शब्द जुळवून बोलत होते. “म्हणाले, सगळं तिकडून होईल. म्हणून मी तुम्हाला विचारत फिरलो, तुम्ही नसाल तर काय अडेल. तुम्ही सांगितलं ते सगळं मी त्यांना कळवलं. पाटलाच्या आईचे गुडघेसुद्धा. मी म्हटलं, या तीन माणसांशिवाय कारखाना चालणार नाही. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, खर्च तर कमी करायलाच हवा, मग सांगा, कुणाशिवाय चालेल?”

“आणि तुम्ही सोताचं नाव सांगितलं?” अण्णांनी विचारलं.

“मी म्हटलं, खरं बघायला गेलं तर माझ्याशिवाय. मागं मला टायफॉइड झाला होता, मी इथं नव्हतो, तुम्ही तिघांनी सगळं चालवलं. सही करायला कुणी आठवड्यातून दोनदा आलं तरी पुरतं.” ते थांबले, आणि खिडकीकडं बघत म्हणाले, “मला वाटलं, ते हसतील. म्हणतील, काय शेणॉय, असं कसं. पण ते म्हणाले, बरोबर आहे.”

खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. नोकरी राहिली, घर राहिलं, धाकटीची फी राहिली, हे सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं. मग मी साहेबांकडं बघितलं. पन्नाशीचा माणूस, बायको उडुपीला, इथं एका खोलीत राहून हातानं सार-भात करून खाणारा. आणि तो आमचे आभार मानायला एक पोतं नारळ घेऊन आला होता, आणि आम्ही हात पुढं करत नव्हतो. मला इतकं भरून आलं की ट्रे कुठं ठेवावा ते कळेना.

अण्णांनी झोळीतून हात काढला. पट्टी तशीच गळ्यात लोंबकळत राहिली. दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि साहेबांपुढं मान खाली घालून उभे राहिले.

“द्या साहेब.”

साहेबांनी त्या हाताकडं बघितलं, पण काही विचारलं नाही. नारळ दिला. मग रुखसानानं घेतला. मग मी ट्रे टेबलावर ठेवला आणि घेतला. माझ्या तळहाताला हळद लागली. “थँक यू, कुंदाबाई,” ते म्हणाले. सगळ्या नोकरीत मला तसं म्हणणारे ते पहिले, आणि पुढंही कुणी म्हणालं नाही.

त्यांना काहीतरी द्यायला हवं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. ताटात नारळ शिल्लक होते. पण त्यातला एक उचलून त्यांच्या हातात द्यायला कुणी धजेना. आमच्या तोंडी तो शब्द असा बसला होता की मानासाठी द्यावा तरी तो घाव झाला असता. रुखसानानं ट्रेमधला एक कप उचलून त्यांना दिला. चहा केव्हाच गार झाला होता. त्यांनी तो पूर्ण संपवला.

“साहेब, तुम्हाला पुण्याहून काहीच न्हाई का?” अण्णांनी विचारलं. “शाल-बिल? कार्यक्रम?”

“मिळाला ना,” ते म्हणाले, आणि या वेळी खरंच हसले. “मला तुमच्या भाषेतला नारळ मिळाला. फोनवर.”

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. नारळ पदराखाली झाकला होता, पण शेंडी बाहेर आली होती. यांची नजर दाराकडंच होती. नारळ दिसला आणि ते उशीवरून जेवढं उठता येईल तेवढं उठले.

“दिला?” ते म्हणाले.

“दिला,” मी म्हणाले. “पण त्यांच्या भाषेतला.”

यांना काही कळलं नाही. कळेल असं सांगायला मला बराच वेळ लागला, कारण दोन वाक्यं झाली की मला रडू येत होतं, आणि नोकरी राहिलेल्या बाईला रडायला काय झालं, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते.